लिंबूटिंबू समजले गेलेले बर्नी सँडर्स आणि २०१६ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत प्रायमरीचा हंगाम सुरू झाला की कुणीतरी खिजगणतीत नसलेला उमेदवार अचानक गाजायला लागतो, आणि "हा खरंच जिंकेल का हो?" ही विचारणा पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांत सुरू होते. अशा उमेदवाराचं वजन कसं जोखायचं, हे समजून घ्यायला २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढून हरलेले सँडर्स फार सोयीचे आहेत. निकाल समोर आहेत, आकडे समोर आहेत, आणि चार वर्षांनी तेच गृहस्थ पुन्हा उभे राहिल्यामुळे फेरपरीक्षेचा निकालही समोर आहे. माझं मत जिथे आहे तिथे मी ते दडवलेलं नाही.

प्रायमरी म्हणजे आपल्याकडचं तिकीटवाटपच ना?

नाही. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म. तो कुणाच्या हातात पडणार हे श्रेष्ठी ठरवतात, आणि नाव कापलं गेलं की इच्छुक बंडखोरी तरी करतो किंवा रातोरात दुसऱ्या पक्षात तरी जातो. अमेरिकेत हा निर्णय मतदार करतात. राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होतं, मतांनुसार डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी, मिळतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात हे डेलिगेट उमेदवारावर शिक्का मारतात. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या वर मतं मिळवणाऱ्या प्रत्येकाला मतांच्या प्रमाणात वाटा मिळतो. २०१६ मध्ये असे ४,०५१ डेलिगेट मतदानातून ठरले.

त्यामुळे तिथल्या बंडखोराला पक्ष सोडावा लागत नाही. सँडर्स यांचा प्रवास तर उलटाच होता. अनेक दशकं अपक्ष राहिलेला हा माणूस थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मांडवात शिरला.

त्यांना सुरुवातीला कुणी गंभीरपणे का घेतलं नाही?

वय ७३. राज्य व्हर्मांट, म्हणजे देशातल्या सगळ्यात कमी लोकसंख्येच्या राज्यांपैकी एक. स्वतःला उघडपणे 'लोकशाही समाजवादी' म्हणवणारे, आणि अमेरिकेत हा शब्द अनेकांच्या कपाळावर आठ्या आणतो. समोर हिलरी क्लिंटन: माजी परराष्ट्रमंत्री, माजी सिनेटर, पतीची आठ वर्षांची राजवट आणि पक्षातले बहुतेक सगळे पुढारी पाठीशी. एप्रिल २०१५ मध्ये सँडर्स यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा जनमत चाचण्यांत क्लिंटन ६० टक्क्यांच्या आसपास होत्या आणि सँडर्स एक आकडी.

एक गोष्ट मात्र तेव्हाच दिसायला हवी होती. १९८१ साली हा माणूस बर्लिंग्टनचा महापौर झाला तो फक्त १० मतांनी, तेही प्रस्थापित डेमोक्रॅटिक महापौराला पाडून. त्यानंतर सोळा वर्षं प्रतिनिधिगृहात आणि मग सिनेटमध्ये. पक्षाचं पाठबळ नसताना निवडून यायची सवय त्यांना जुनी होती.

त्यांची खरी ताकद कोणती होती?

बहुतेक लोक 'तरुण' असं उत्तर देतात. ते चुकीचं नाही. आयोवात तिशीच्या आतल्या मतदारांपैकी ८४ टक्के त्यांच्याकडे गेले. पण मी पैशाचं नाव आधी घेईन.

२०१६ मध्ये एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत होते. क्लिंटन यांच्या अनेक मोठ्या देणगीदारांनी ही मर्यादा सुरुवातीलाच गाठली. एकदा गाठली की त्या माणसाकडे पुन्हा मागता येत नाही. सँडर्स यांची सरासरी देणगी २७ डॉलरच्या आसपास होती आणि सभेत हा आकडा ते इतक्यांदा सांगत की श्रोते तो त्यांच्याबरोबर ओरडायचे. २७ डॉलर देणाऱ्याकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा मागता येतं, हरल्यावर मागता येतं, जिंकल्यावर तर हक्कानं मागता येतं. शंभर वेळा दिले तरी कायदा आडवा येत नाही. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च २०१६ अशा तिन्ही महिन्यांत सँडर्स यांनी क्लिंटन यांच्यापेक्षा जास्त निधी जमवला.

मागून आलेला उमेदवार एरवी मरतो तो पैशाअभावी. दोन राज्यांत पडला की देणगीदार फोन उचलत नाहीत, कार्यालयं बंद होतात आणि माणूस हात जोडून घरी जातो. सँडर्स कॅलिफोर्नियापर्यंत, म्हणजे जूनपर्यंत टिकले ते या छोट्या देणग्यांवर.

दुसरी ताकद म्हणजे सातत्य. इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध त्यांनी २००२ मध्ये मत दिलं होतं, क्लिंटन यांनी बाजूने. बँकांबद्दल, आरोग्यविम्याबद्दल ते तीस वर्षांपूर्वी जे बोलत तेच आताही बोलत होते. ऐकून कंटाळा यावा इतकं तेच. पण मोठ्या बँकेत भाषणं देऊन मानधन घेतलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर हा कंटाळवाणेपणाच कामाला आला.

त्यांच्या सभांना एवढी गर्दी व्हायची. मग हरले कसे?

गर्दीवरून निकाल ठरत असता तर आपल्याकडेही कित्येकांची डिपॉझिटं वाचली असती. सभेला येणारा माणूस एकच मत देतो, आणि तो सभेला आला नाही तरी तेच देतो.

मग सगळ्यात मोठं दुबळेपण?

दक्षिणेतला कृष्णवर्णीय मतदार. बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे, म्हणून इथे जरा थांबू.

९ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स ६०-३८ असे जिंकले. एवढ्या मोठ्या फरकानं त्यांच्या पदरात १५ डेलिगेट पडले आणि क्लिंटन यांच्या ९. म्हणजे आघाडी ६ ची. २७ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात क्लिंटन ७३-२६ अशा जिंकल्या: ३९ विरुद्ध १४, आघाडी २५ ची. तिथल्या मतदारांत सुमारे सहा दशांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यातल्या ८६ टक्क्यांनी क्लिंटन यांना मत दिलं. तीनच दिवसांनी सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच मंगळवारी अनेक राज्यांत मतदान. अलाबामात ७८-१९, जॉर्जियात ७१-२८, टेक्सासमध्ये ६५-३३. तिन्हीकडे क्लिंटन. ही तूट सँडर्स यांना शेवटपर्यंत भरून काढता आली नाही.

हे का झालं? तरुणपणी शिकागोत शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करताना त्यांना अटक झाली होती. १९८८ मध्ये त्यांनी जेसी जॅक्सन यांना पाठिंबा दिला होता. इतिहास स्वच्छ होता, पण ओळख नव्हती. व्हर्मांटमध्ये कृष्णवर्णीय वस्ती एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे या समाजाकडे मत मागायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. क्लिंटन दांपत्याचे तिथल्या चर्चशी, स्थानिक पुढाऱ्यांशी, घराघरांशी अनेक दशकांचे संबंध होते. त्यात ओबामांच्या कारभारावर सँडर्स टीका करत आणि क्लिंटन स्वतःला ओबामांच्या वारसदार म्हणवत. साउथ कॅरोलिनातल्या साठीच्या बाईला यातलं कोण जवळचं वाटणार?

सगळ्या प्रश्नांचं मूळ आर्थिक विषमतेत आहे, असं सँडर्स मानतात. उत्तरेतल्या कॉलेजच्या आवारात हे पटतं. पोलिसांच्या गोळीबारात नातलग गमावलेल्यांना ते अपुरं वाटतं. २०१५ च्या उन्हाळ्यात फीनिक्स आणि सिएटल इथे आंदोलकांनी त्यांच्या कार्यक्रमांत व्यत्यय आणला, तेव्हा ही उणीव सगळ्यांसमोर आली. नंतर त्यांनी भाषा बदलली, माणसं नेमली. पण फेब्रुवारी दारात येऊन ठेपला होता.

मिशिगनमध्ये तर त्यांनी सगळ्यांना खोटं पाडलं होतं ना?

हो, आणि तो निकाल खरोखर ऐतिहासिक होता. चाचण्या क्लिंटन यांना २० टक्क्यांच्या आसपास आघाडी देत होत्या आणि ८ मार्चला सँडर्स दीड टक्क्यानं जिंकले. रात्रभर वाहिन्यांवर हीच बातमी.

त्याच दिवशी मिसिसिपीतही मतदान होतं. तिथे क्लिंटन यांना ८३ टक्के मतं मिळाली. आता हिशेब बघा. मिशिगनमधून सँडर्स ६७, क्लिंटन ६३. मिसिसिपीतून क्लिंटन ३१, सँडर्स ५. आयुष्यातल्या सगळ्यात गाजलेल्या विजयाच्या रात्री सँडर्स २२ डेलिगेटनी आणखी मागे पडले. प्रमाणशीर वाटपाच्या पद्धतीत काठावरचे विजय मथळे देतात, डेलिगेट देत नाहीत.

रिपब्लिकन पक्षाचे नियम वेगळे होते. डोनाल्ड ट्रम्प यांना साउथ कॅरोलिनात ३२.५ टक्के मतं मिळाली आणि तिथले ५० च्या ५० डेलिगेट त्यांनी उचलले. सँडर्स ६० टक्के मतं घेऊन सहाची आघाडी, ट्रम्प एक तृतीयांशाहून कमी मतं घेऊन पन्नासची! 'अमक्याला इतके टक्के मिळाले' हे ऐकलं की आधी नियमावली मागवा, असं मी म्हणतो ते यामुळे.

सुपरडेलिगेटनी आणि पक्षाने मिळून त्यांना पाडलं, हे खरं का?

पक्ष तटस्थ नव्हता, हे खरं. वादविवाद सुरुवातीला फक्त सहा ठेवले, त्यातले काही शनिवार-रविवारच्या रात्री, म्हणजे कमीत कमी लोक बघतील अशा वेळी. जुलै २०१६ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल फुटले, त्यांत सँडर्स यांच्याविषयीची नावड लपत नव्हती, आणि अध्यक्षा डेबी वासरमन शुल्ट्झ यांना अधिवेशनाच्या तोंडावर पायउतार व्हावं लागलं. सुपरडेलिगेट म्हणजे प्रायमरीच्या निकालाला बांधील नसलेले, मर्जीनं मत देणारे डेलिगेट: खासदार, राज्यपाल आणि पक्षाचे पदाधिकारी, सातशेहून थोडे अधिक. यांतल्या शेकडो जणांनी एकही मत पडण्याआधी क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता, आणि वाहिन्या तो आकडा पहिल्या दिवसापासून तक्त्यात जोडून दाखवत. त्यामुळे शर्यत सुरू होण्याआधीच संपल्यासारखी वाटायची.

पण सगळे सुपरडेलिगेट वगळा. उरलेल्यांत क्लिंटन २,२०५, सँडर्स १,८४६. एकूण मतं क्लिंटन यांना सुमारे १ कोटी ६९ लाख, सँडर्स यांना सुमारे १ कोटी ३२ लाख. ३७ लाख मतांचा फरक शनिवारी रात्रीच्या वादविवादानं पडत नाही. सँडर्स यांच्या समर्थकांना हे उत्तर आवडत नाही, मला ठाऊक आहे.

या रागातून नियम मात्र बदलला. २०१८ पासून अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत चुरस असेल तर सुपरडेलिगेटना मत देता येत नाही.

कॉकसमध्ये ते एवढे का जिंकायचे?

काही राज्यांत मतपेटीऐवजी पक्षाच्या सभेत निवड होते, ती कॉकस. कॉकसला ठरल्या वेळी जाऊन तास-दोन तास थांबावं लागतं, शेजाऱ्यांसमोर बाजू घ्यावी लागते. रात्रपाळीचा कामगार, लहान मुलांची आई, म्हातारी माणसं गळतात. कट्टर समर्थक येतात. वॉशिंग्टन राज्यात मार्चमधल्या कॉकसला सुमारे २ लाख ३० हजार लोक आले आणि सँडर्स ७३ टक्के घेऊन जिंकले. मे महिन्यात त्याच राज्यात टपालानं मतदानाची प्रायमरी झाली, तिचा डेलिगेटशी संबंध नव्हता. सुमारे ८ लाख मतं पडली आणि क्लिंटन जिंकल्या. राज्य तेच, पक्ष तोच, उमेदवार तेच.

न्यूयॉर्क तर त्यांचं जन्मगाव. तिथे काय झालं?

५८-४२ असे पडले. तिथली प्रायमरी बंदिस्त असते, म्हणजे नोंदणीकृत डेमोक्रॅटच मत देऊ शकतो. आधीच नोंदणी असलेल्या अपक्ष मतदाराला पक्ष बदलून घ्यायची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती, आणि मतदान १९ एप्रिल २०१६ ला. सहा महिने आधी सँडर्स हे नाव तरी किती जणांना माहीत होतं? नियम जाचक होता यात वाद नाही. पण अपक्षांच्या जिवावर लढणाऱ्या उमेदवाराच्या माणसांनी ऑक्टोबरपूर्वीच दारोदार फिरून नोंदणी करून घ्यायला हवी होती. २००८ मध्ये ओबामांच्या चमूने प्रत्येक राज्याची नियमावली अशीच आधी घोकून ठेवली होती.

त्यांच्या भूमिकांत कच्चे दुवे होते का?

होते. बंदुकांचा प्रश्न हा सगळ्यात अडचणीचा. ग्रामीण व्हर्मांटचे खासदार म्हणून १९९३ मध्ये त्यांनी बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला लावणाऱ्या ब्रेडी कायद्याविरुद्ध मत दिलं होतं, आणि २००५ मध्ये बंदूक उत्पादकांना दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या बाजूने. क्लिंटन यांनी हे वादविवादात पुनःपुन्हा काढलं. डाव्या उमेदवाराला डावीकडून मारण्याची संधी कोण सोडणार?

दुसरं, तपशील. मोठ्या बँका मोडू म्हणजे नेमकं कसं, हे न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या संपादक मंडळानं एप्रिलमध्ये विचारलं तेव्हा ते चाचपडले. परराष्ट्र धोरणावर इराकचं मत सांगून झालं की पुढे फारसं काही नसायचं.

आणि तिसरं, त्यांचा सभ्यपणा. पहिल्याच वादविवादात क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणाबद्दल (परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामासाठी खासगी सर्व्हर वापरल्याचा वाद), हे ऐकून लोक कंटाळलेत, असं सांगून त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या हातातलं ओझं स्वतःच उतरवलं. टाळ्या दोघांनाही मिळाल्या, फायदा क्लिंटन यांचा झाला.

ते असते तर ट्रम्प हरले असते का?

मे २०१६ च्या चाचण्यांत ट्रम्प यांच्याविरुद्ध सँडर्स हे क्लिंटन यांच्यापेक्षा सरस दिसत होते. पण त्या चाचण्यांतले सँडर्स म्हणजे कुणीही चिखलफेक न केलेले सँडर्स. क्लिंटन यांना पुढे त्यांचीच मतं हवी होती म्हणून त्यांनी हात राखून टीका केली, आणि रिपब्लिकन तर त्यांच्या वाटेलाच गेले नाहीत. 'समाजवादी' या एका शब्दावर किती कोटींच्या जाहिराती झाल्या असत्या, याची कल्पना करा. माझं मत विचाराल तर सांगता येत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

प्रायमरीनं दिलेला इशारा मात्र खरा ठरला. मिशिगन आणि विस्कॉन्सिन या दोन्ही राज्यांत सँडर्स यांनी क्लिंटन यांना हरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये क्लिंटन यांनी मिशिगन १०,७०४ मतांनी आणि विस्कॉन्सिन २३ हजारांहून थोड्या कमी मतांनी गमावलं.

म्हणजे त्या राज्यांतला कामगार सँडर्स यांचा होता?

मलाही हेच वाटायचं कारण होतं, पण २०२० नं त्यावर पाणी फिरवलं. त्या वर्षी मिशिगनमध्ये समोर जो बायडन होते. माणूस तोच, कार्यक्रम तोच, ओळख दसपट. निकाल: बायडन ५३, सँडर्स ३६, आणि राज्यातली एकही काउंटी सँडर्स यांच्याकडे गेली नाही. २०१६ मध्ये जिंकलेलं ओक्लाहोमाही गेलं.

याचा अर्थ २०१६ मधल्या मतांचा मोठा हिस्सा सँडर्स यांच्यासाठी नव्हता, क्लिंटन यांच्याविरुद्ध होता. दुबळ्या उमेदवाराचं बळ मोजताना हीच सगळ्यात सहज होणारी गफलत. प्रतिस्पर्धी बदलला की ती मतं राहतील का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. हे नाराजीचं मत उसनं असतं. धन्याचा राग ओसरला की तो ते परत घेऊन जातो.

पण सगळंच उसनं नव्हतं. २०२० मध्ये नेवाडात लॅटिनो मतदारांच्या जोरावर ते दणदणीत जिंकले. चार वर्षांपूर्वी तिथे हरले होते. तरुणांची मतंही टिकली. साउथ कॅरोलिना मात्र पुन्हा आडवं आलं: बायडन ४८.६, सँडर्स १९.८. त्यानंतर दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार या दोन उमेदवारांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला. विरोधक विखुरलेले असतील तोवर ३० टक्क्यांत राजा होता येतं. ते एकवटले की तेच ३० टक्के तोकडे पडतात.

मग मागून आलेला उमेदवार जिंकतो कधी?

मूळच्या समर्थकांपलीकडे एखादा मोठा गट मिळाला की. २००८ मध्ये आयोवा जिंकल्यावर ओबामांकडे कृष्णवर्णीय मतदार वळला, कारण हा माणूस गोऱ्या राज्यात जिंकू शकतो हे दिसलं. शिवाय हिशेब पक्का होता: छोट्याशा आयडाहोत त्यांनी १५-३ अशी १२ ची आघाडी घेतली, आणि त्याच दिवशी क्लिंटन यांना भल्यामोठ्या न्यू जर्सीतून मिळाली ५९-४८, म्हणजे ११ ची. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत झोहरान ममदानी फेब्रुवारीत चाचण्यांत एक टक्क्यावर होते, जूनमध्ये त्यांनी माजी राज्यपाल अँड्र्यू क्युओमो यांना हरवलं. तिथे पसंतिक्रमाचं मतदान होतं आणि दुसरे एक उमेदवार ब्रॅड लँडर यांच्याशी त्यांनी परस्पर पाठिंब्याचा समझोता केला होता.

कुणी मराठी माणूस अशा प्रायमरीत उतरला आहे का?

श्री ठाणेदार. चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढलेले, रसायनशास्त्रात पीएचडी, मग उद्योजक. २०१८ मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि स्वतःचे जवळपास एक कोटी डॉलर ओतले. ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के मतं घेऊन जिंकल्या, ठाणेदार साधारण १८ टक्क्यांवर तिसरे. घरोघरी नाव पोचलं, पण पैशातून ओळख मिळते तेवढा विश्वास मिळत नाही. २०२० मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून प्रायमरी जिंकून पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदारांना २८ टक्के मतं पुरली. राज्यपालपदाच्या लढतीत २८ टक्क्यांना ते तिसरेच राहिले असते.

मी एच-१बी व्हिसावर आहे. आवडत्या उमेदवाराला देणगी देता येते का?

नाही. देणगी फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनाही चालत नाही, अगदी पाच डॉलरसुद्धा नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम मात्र करता येतं: फोन करा, दारं ठोठवा, पत्रकं वाटा. मत देण्यासाठी नागरिकत्वच लागतं. आणि नव्यानं नागरिक झाला असाल तर आपल्या राज्यात प्रायमरी बंदिस्त आहे का आणि पक्षनोंदणीची शेवटची तारीख कोणती, हे राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर आजच बघून ठेवा.